मुंबई ते नाशिकरोड साडेतीन तास, नाशिकरोड ते घर सव्वा तास

रात्रीचा_पासवाला
मंडळी, आधी कालचा प्रसंग सांगतो, मग प्रश्न.

पंचवटी एक्स्प्रेसनं पावणेदहाला नाशिकरोडला उतरलो. गाडी वेळेत होती, हे मुद्दाम लिहितोय, नाहीतर पहिल्याच प्रतिसादात रेल्वेचा उद्धार सुरू होईल. बाहेर थांब्यावर आमच्यासारखे पंधरा-वीस जण. एक बाई झोपलेल्या मुलाला खांद्यावर घेऊन उभ्या, एकाच्या डोक्यावर दादरहून आणलेली प्लास्टिकची खुर्ची. वीस मिनिटं झाली, बसचा पत्ता नाही. रिक्षावाला गंगापूर रोडचे तीनशे म्हणाला. शेवटी पाच जणांनी मिळून शालिमारपर्यंत रिक्षा केली, तिथून मुलाला गाडी घेऊन बोलावलं. घरी चपला काढल्या तेव्हा अकरा वाजले होते.

जेवताना टीव्ही लावला तर नाशिक-पुणे रेल्वे शिर्डीवरून न्यायची की संगमनेरवरून, यावर चार जण एकमेकांच्या अंगावर ओरडत होते.

प्रश्न असा: नाशिककरांनी नेमकं कशासाठी भांडायचं? मेट्रो, पुण्याची रेल्वे, की स्टेशनावरून दर दहा मिनिटांनी एक बस? माझं मत बसला. पण बसचं भूमिपूजन होत नाही ही तिची मोठी अडचण. नारळ फोडायचा कुठे?

टवाळखोर
टायरवर. दसऱ्याला बघा की, लिंबू पण ठेवतात.

रविवार_कारंजा
नारळ फोडायला जागा नाही म्हणून बस येत नाही, ही मांडणी जबरदस्त. +१.

नकाशेवाला
धागाकर्त्यांशी सहमत, पण मेट्रोचा विषय एका शब्दात उडवू नका. आपल्याकडे येणार होती ती मुंबई-पुण्यासारखी रुळावरची मेट्रो नव्हतीच. ‘निओ’ म्हणजे खांबांवरच्या मार्गिकेवरून रबरी चाकांची, वरच्या तारेतून वीज घेणारी लांब बस. राज्य मंत्रिमंडळानं २०१९ ला होकार दिला आणि २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी २०९२ कोटींची घोषणा केली. त्या दिवशी आमच्या सोसायटीच्या गटावर पेढ्यांची चित्रं फिरत होती. गंगापूर ते नाशिकरोड हा मुख्य मार्ग, दुसरा गंगापूर ते मुंबई नाका, दोन्ही मिळून सुमारे ३२ किलोमीटर.

म्हणजे पासवाले, तुमचं घर ते स्टेशन हाच तो पहिला मार्ग! कागदावर तुम्ही केव्हाच घरी पोचला आहात.

खांब मात्र एकही उभा नाही. मधेच ‘निओ नको, खरी मेट्रो द्या’ अशी टूम निघाली. स्वस्तातली पसंत नाही, महागडी परवडत नाही, लग्न लांबलं.

रात्रीचा_पासवाला
नकाशेवाले, “कागदावर घरी पोचलात” हे बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मग जेवण पण कागदावरच वाढते.

टवाळखोर
दत्तक घेतलेल्या मुलाला लगेच मेट्रो देतात का? आधी सायकल देतात. ;)

ओझरकर
टवाळखोर, ‘नाशिक दत्तक घेतो’ हे प्रकरण २०१७ च्या प्रचारसभेतलं, फडणवीसांचं. त्याआधी २०१२ ला मनसेला सत्ता दिली होती. नाशिकनं सगळ्यांना संधी देऊन झाली आहे, कुणा एकाच्या नावानं खडे फोडू नका. धाग्याचं काश्मीर, म्हणजे राजकीय आखाडा, करू नका ही विनंती.

आजोबांचा_नातू
थोडं अवांतर, पण अगदी याच रस्त्यावरचं.

नाशिकरोड स्टेशन ते गाव ही अडचण आजची नाही. रेल्वे गावापासून आठ-नऊ किलोमीटरवरून गेली. तेव्हाच्या लोकांनी त्यावर काय केलं? १८८९ मध्ये ट्राम सुरू केली. घोड्यांची! मेनरोडवरच्या जुन्या नगरपालिकेच्या इमारतीपासून निघून थेट नाशिकरोड स्टेशनपर्यंत. चाळीसेक वर्षं चालली आणि १९३० नंतर तोट्यात जाऊन बंद पडली.

आमचे पणजोबा लहानपणी बसले होते, असं आजोबा सांगायचे. घोडे दमले की पोरं उतरून शेजारून पळायची आणि ट्रामच्या आधी पुढे जाऊन उभी राहायची. यातलं खरं किती आणि आजोबांचं किती ते आजोबांनाच ठाऊक. पण ट्राम होती आणि गाडीच्या वेळा बघून सुटायची. आपल्या आताच्या बसला आणखी काय वेगळं करायचं आहे?

रविवार_कारंजा
रेल्वे गावात आली असती तर अपवित्र झालं असतं, म्हणून पंचवटीतल्या पुरोहितांनी लांब ठेवली, असं आमच्याकडे सांगतात.

आजोबांचा_नातू
हे प्रत्येक तीर्थक्षेत्राच्या गावात सांगतात, कारंजाभाऊ. नकाशा उघडा. इगतपुरी, देवळाली, ओढा, निफाड, लासलगाव, मनमाड. मनमाडकडे निघालेल्या रुळाला गावात यायचं म्हणजे उगाच वळसा घालायचा. कंपनीला कापूस आणि माल मुंबईला न्यायचा होता, रामकुंडावर स्नान करायचं नव्हतं.

पुणेरी_जावई
मी धाग्याच्या मूळ सुरालाच विरोध करतो. बस हवीच, पण “बस की रेल्वे” हा प्रश्न विचारणं म्हणजे पोराला “शाळा की दप्तर” विचारण्यासारखं आहे.

माझी सासुरवाडी चिंचवडला. नाशिक-पुणे दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर. रस्त्यानं पाच तास, आणि चाकण-मोशी तुंबलं तर मोजू नका. रेल्वेनं जायचं तर एक तर मनमाडवरून दौंडला वळसा, नाहीतर कल्याणहून घाट उतरून पुन्हा घाट चढायचा. महाराष्ट्रातली दोन मोठी शहरं, मधे सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, मंचर, चाकण अशी बाजारपेठ आणि कारखाने, आणि सरळ रूळ नाही. स्वातंत्र्याला पाऊणशे वर्षं होऊन गेली. महारेलचा (राज्य आणि रेल्वेच्या भागीदारीतली कंपनी) आराखडा २३५ किलोमीटरचा, खर्च सोळा हजार कोटींच्या वर, ताशी २०० चा वेग, पावणेदोन तासांत पुणे. तो हातातोंडाशी आला होता. मग मधे नारायणगावजवळची दुर्बीण आली.

टवाळखोर
दुर्बिणीतून मेट्रो दिसते का तेवढं बघून सांगा कुणीतरी.

खोडदचा_शेजारी
दुर्बिणीवर राग काढणाऱ्यांसाठी लिहितो. माझं गाव नारायणगावजवळ, जीएमआरटी ही खोडदची रेडिओ दुर्बीण उशाशी.

तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. डोळ्यांनी बघायची दुर्बीण नाही ती. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडते, आणि त्या इतक्या क्षीण असतात की शेजारचा मोबाईल त्यांच्यापुढे लाऊडस्पीकर ठरतो. खोडद निवडलं तेच मुळी हा भाग रेडिओच्या दृष्टीनं शांत म्हणून. विजेची गाडी धावते तेव्हा टपावरचा पेंटोग्राफ तारेला घासत जातो, मधेच संपर्क क्षणभर सुटला की ठिणगी उडते. तुम्हाला ती निळी चमक दिसते, दुर्बिणीला तो गोंगाट ऐकू येतो. आणि गाडी एकदा नाही, दिवसभर जाणार.

त्यामुळे रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव जेव्हा म्हणतात की या मार्गानं दुर्बिणीला बाधा येईल, तेव्हा त्यात शास्त्र आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. दुर्बीण काय काल रात्री उगवली? नव्वदच्या दशकापासून ती तिथेच उभी आहे, आमच्या गच्चीवरून दिसते. मार्ग आखताना पहिल्या महिन्यात विचारायची गोष्ट मंजुरीच्या गप्पा झाल्यावर आठवते, हे राजकारण आहे. आणि दुर्बीण चुकवायची म्हणजे थेट शिर्डी-अहिल्यानगरवरूनच जायचं का, थोडं बाजूनं वळवून जमतं का, यावर आमच्याकडे कुणी समोर बसून बोलत नाही. जुन्नर, आंबेगाव, खेडचे लोक यावरच चिडलेत.

पुणेरी_जावई
शेजारीबुवा, दंडवत. दुर्बिणीबद्दलचे शब्द मागे घेतो. शिर्डीबद्दलचे घेत नाही. शिर्डीला रेल्वे आहे, विमानतळ आहे, समृद्धी आहे. संगमनेरला काय आहे?

टवाळखोर
संगमनेरला चंदनापुरीचा घाट आहे. आणि सहनशक्ती.

सिन्नरचा_मळेकरी
मी फारसं लिहीत नाही, फक्त वाचतो. पण आखणी बदलणं म्हणजे काय, हे शहरातल्यांना कळावं म्हणून लिहितो.

आमच्या गटाच्या कडेनं मूळ मार्ग जायचा होता. शेजारच्या भावकीत दोन पार्ट्या पडल्या, एक म्हणाली देऊन टाकू, दुसरी म्हणाली मळा जातो. बांध सोडून न बोलणारे भाऊ बोलायला लागले आणि बोलणारे बोलेनासे झाले. माझ्या चुलत्यांनी डाळिंबाची नवी लागण दोन वर्षं थांबवली, कारण जमीन जाणार तर खर्च कशाला. विहिरीचं काम थांबलं. पोराच्या सोयरिकीत पाहुणे पहिलं विचारत, “रेल्वेत किती जाते?” आता मार्ग दुसरीकडे. ना पैसा, ना डाळिंब. आखणीची रेघ पुसायला खोडरबर लागतं, इथे दोन हंगाम गेले.

रेल्वे व्हावी, आमचा विरोध नाही. सिन्नरला कारखाने आहेत, माल आहे, पोरं पुण्याला आहेत. पण एकदा काय ते ठरवा.

रात्रीचा_पासवाला
मळेकरीभाऊ, लिहीत राहा. माझा सव्वा तास यापुढे काहीच नाही.

घाटातला_बँकर
निवृत्त रेल्वेवाला आहे, म्हणून कुणी विचारायच्या आत सांगतो. पुढचा प्रश्न असणार, “कसाऱ्याची लोकल नाशिकला का येत नाही?”

थळ घाट १८६५ मध्ये सुरू झाला. चढ ३७ ला १. म्हणजे ३७ पावलं पुढे गेलात की एक पाऊल वर. रेल्वेच्या हिशेबात ही भिंत आहे. म्हणून कसाऱ्याला गाडीला मागून बँकर इंजिनं लागतात आणि इगतपुरीपर्यंत ढकलत आणतात. चढणं तरी सोपं, उतरताना गाडी धरून ठेवणं हा खरा प्रश्न. मुंबईची लोकल सपाटीवर दर दोन-तीन मिनिटांनी थांबायला बनवलेली. तिला ब्रेकची वेगळी तजवीज केल्याशिवाय घाटात घालता येत नाही. शिवाय मध्य रेल्वेचा मुंबईकडून उत्तरेला जाणारा भार याच घाटानं जातो. लोकलला जागा द्यायची तर कुणाची काढायची?

पण घाटाच्या वरचं काय? इगतपुरी, घोटी, देवळाली, नाशिकरोड, ओढा, निफाड, लासलगाव. इथे घाट नाही, बँकर नाही. इगतपुरी-भुसावळ मेमू धावतेच. तशाच छोट्या गाड्या सकाळ-संध्याकाळ चार-चार सोडल्या तर निम्मा जिल्हा नोकरीला ये-जा करेल. ही मागणी कुणी करत नाही, कारण तिच्यात ‘मुंबई’ हा शब्द नाही.

रविवार_कारंजा
बँकरकाका, इगतपुरीला इंजिन बदलायचं तेव्हाचे वडे आठवले. डीसीचं इंजिन काढून एसीचं लावेपर्यंत दोन वडे आणि चहा आरामात व्हायचा. प्रगती झाली आणि वडे गेले.

घाटातला_बँकर
वडे गेले हे खरं. पण इंजिन काढताना जो धक्का बसायचा त्यानं चहा निम्म्या लोकांच्या शर्टावर जायचा, ते कुणी आठवत नाही.

अंबड_सेकंडशिफ्ट
सगळं वाचलं. मेट्रो, घाट, दुर्बीण. आता माझं ऐका.

मी अंबडला एका कारखान्यात पॅकिंगला आहे, राहते पंचवटीत. दुसरी पाळी रात्री साडेअकराला सुटते. त्या वेळेला कंपनीची गाडी द्वारकेपर्यंत सोडते. तिथून पुढे निमाणीपर्यंत मी आणि आणखी दोघी चालत येतो, हातात चप्पल नाही पण जीव हातात. द्वारकेला एवढा मोठा चौक, मुंबई-आग्रा आणि पुण्याचा रस्ता तिथे मिळतो, पायी माणसासाठी भुयार बांधलं, आणि त्या भुयारात रात्री बाईमाणसानं उतरायचं म्हणजे? आम्ही वरूनच ट्रकला हात दाखवत ओलांडतो.

पाळीच्या वेळेला एक बस. एवढंच. दर दहा मिनिटांनी नको.

नकाशेवाला
ताई, यापुढे लिहायला काही उरत नाही, पण बस का वाढत नाहीत याचा हिशेब मांडतो.

आधी शहर बस एसटी चालवायची, तिला तोटा होत होता. ८ जुलै २०२१ पासून महापालिकेची सिटीलिंक आली. पद्धत अशी की बस ठेकेदाराच्या, महापालिका त्याला किलोमीटरमागे ठरलेला दर देते आणि तिकिटाचे पैसे महापालिकेकडे येतात. म्हणजे बस भरून गेली काय नि रिकामी गेली काय, ठेकेदाराला तेवढेच. तोटा पूर्ण महापालिकेचा. मग लेखा विभागाला प्रत्येक फेरी खर्च दिसते. पहिली कात्री कुठे? रात्रीच्या आणि कडेच्या फेऱ्यांना. रात्रीची बस गेली की माणूस कर्ज काढून दुचाकी घेतो. एकदा घेतली की सकाळीही तीच वापरतो. मग सकाळची बस रिकामी. मग तीही तोट्यात.

केंद्राचा मापदंड दर हजार माणसांमागे ०.६ बस असा आहे. २०११ च्या जनगणनेची १४.८६ लाख लोकसंख्या धरली तरी नऊशेच्या आसपास बस हव्यात. योजना होती अडीचशेची. आणि त्यानंतर पाथर्डी फाट्यापासून आडगावपर्यंत किती मळ्यांचे प्लॉट पडले ते तुम्हीच मोजा. त्या लेआउटचे रस्ते असे की बस आत गेली तर वळवून बाहेर काढायला गुरव बोलवावा लागेल.

ओझरकर
“खर्च दिसते” हे बरोबर. उड्डाणपूल मात्र कुणालाच तोट्यात दिसत नाही. मुंबई-आग्रा महामार्गावर शहरातून एवढा लांब पूल झाला, त्याला कुणी विचारलं का, रोजचं उत्पन्न किती? आणि अशोकस्तंभ ते त्र्यंबक नाका हा स्मार्ट रस्ता सव्वा किलोमीटरसुद्धा नाही, त्याला दोन वर्षांहून जास्त लागली. तेवढ्यात माझ्या भाच्याचं लग्न होऊन पोरगं चालायला लागलं.

टवाळखोर
पोरगं स्मार्ट रस्त्यावर चालायला लागलं की साध्या?

तीनचाकी
रिक्षावाल्यांवर तोंडसुख घेऊन झालं असेल तर मी बोलतो. मी चालवतो, स्टेशनलाच लावतो.

पासवाले साहेब, तीनशे जास्त, मान्य. मी अडीचशे म्हटले असते. पण रात्री साडेदहाला तुम्हाला गंगापूर रोडला सोडलं की मला परतीचं गिऱ्हाईक नाही. दहा-बारा किलोमीटर रिकामं यायचं. गॅस भरायला दुपारी दीड तास रांगेत, तो धंदा बुडाला. मीटरनं जा म्हणता, जातो, येताना पण मीटर टाकू द्याल का? आणि शेअरला चारऐवजी पाच बसतात तेव्हा पाचवा कोण असतो? तुम्हीच म्हणता ना, “सरका जरा, दादा”.

बस आली तर आमचा धंदा बसेल असं नेते आम्हाला सांगतात. मला नाही वाटत. बस द्वारका-शालिमारला लोक उतरवील, तिथून घरापर्यंत रिक्षाच लागते. छोट्या फेऱ्या आम्हाला जास्त परवडतात.

रात्रीचा_पासवाला
दादा, पाचवा मीच होतो काल. पुढच्या सीटवर अर्धा बाहेर.

आजोबांचा_नातू
एक गोष्ट कुणीच बोललं नाही. २०१५ चा कुंभमेळा आठवा. पर्वणीला बाहेरच्या गाड्या शहराबाहेर अडवायच्या, तिथून एसटी भाविकांना आत आणायची. एकामागे एक बस. वाहनतळ, थांबा, रांग, शिट्टी, सगळं होतं. गैरसोय झाली, लोक मैलोन्‌मैल चालले, ते वेगळं. पण हे शहर चार दिवस बसवर चालवून दाखवलं होतं. म्हणजे जमत नाही असं नाही. आता २०२७ ला पुन्हा जमणार, ओढा, देवळाली, खेरवाडी स्टेशनं सजणार. तपोवनातली झाडं तोडायची की नाही यावर भांडून झालं. त्या बसपैकी पन्नास तरी पर्वणी संपल्यावर नाशिकरोडला राहू द्या, एवढं कुणी मागितलंय का?

अंबड_सेकंडशिफ्ट
पन्नास कशाला, दोन द्या. एक स्टेशनाला, एक अंबडला.

ओझरकर
कारभार महापालिकेचा आहे, तर मागणी नगरसेवकाकडे लेखी द्यायला हवी. आमच्या भागातल्या नगरसेवकाला मी बसचा थांबा मागितला होता. त्यांनी थांबा दिला. छान शेड, नावासकट, फोटोसकट. बस नाही.

टवाळखोर
फोटोतले साहेब तरी उभे आहेत ना थांब्यावर? अजून काय पाहिजे.

पुणेरी_जावई
पासवाले, तुमच्या मूळ प्रश्नावर माझं मत थोडं बदलतो. पुण्याची रेल्वे हवीच. पण समजा झाली, पावणेदोन तासांत मी नाशिकरोडला आलो, तर पुढे मीही तुमच्याच रांगेत. हे डोक्यात नव्हतं आलं.

रात्रीचा_पासवाला
चार दिवस इथे फिरकलो नाही, क्षमस्व. एक उद्योग केला. रोज उतरल्यावर थांब्यावर अर्धा तास उभं राहून वहीत लिहिलं. सोमवारी बस दहा पाचला. मंगळवारी नाही. बुधवारी दोन आल्या, एकीपाठोपाठ एक, दोन्ही निमाणीच्या. गुरुवारी गाडीच उशिरा, त्यामुळे मोजदाद रद्द. हा कागद आमच्या डब्यातल्या बत्तीस जणांच्या सह्यांसकट देणार आहे. मागणी एकच, गाडी आल्यावर बस सुटावी, घड्याळ बघून नको.

आणि आज गंमत झाली. बाहेर आलो तर गंगापूर रोडची बस उभी! दिवे लावलेले, दार उघडं, वाहक खिडकीशी पान खात.

अंबड_सेकंडशिफ्ट
मग आलात ना बसनं?

रात्रीचा_पासवाला
आलो. बसमध्ये मी, वाहक आणि चालक. बाकीचे सगळे सवयीनं आधीच रिक्षात जाऊन बसले होते. तीनचाकी दादांनी मला बसमध्ये चढताना पाहिलं आणि लांबून हात केला.

तीनचाकी
हात नव्हता केला साहेब, बोलवत होतो. चौघे झाले होते, पाचवा कमी पडत होता.